फोनवरची बाई म्हणते, एक दाबा

माझं काम काय, हे नातेवाइकांना समजावणं मी सोडून दिलंय. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी "कॉम्प्युटर" एवढंच म्हणते आणि पंगतीत जागा पकडते. खरं सांगितलं की समोरचा माणूस खिशातून त्याचा हँग झालेला मोबाइल काढतो, हा माझा अनुभव आहे.

मी सर्व्हर सांभाळते. हल्ली आमच्या मुलुंडला काय, बोरिवलीला काय, बऱ्याच सोसायट्यांच्या गेटवर वॉचमनकडे एक टॅब असतो. कोणी आलं की वॉचमन त्यात नाव टाकतो, आपल्या मोबाइलवर विचारणा येते, आपण हो म्हटलं की माणूस आत. हे सगळं आमची कंपनी चालवते. ते ज्या मशीनवर चालतं ती मशीन जिवंत आहेत का, त्यांची मेमरी कोण खातंय, डिस्क गळ्यापर्यंत भरलीय का, रोजचा बॅकअप नीट उतरला का, हे बघायचं. बस्स. नीट केलं तर ते कोणाला कळतही नाही. एक दिवस चुकलं तर अर्ध्या उपनगरातल्या कामवाल्या बायका गेटबाहेर उभ्या राहतात आणि घराघरांतून मला शिव्या पडतात. त्या माझ्या नावाने पडत नाहीत, तेवढंच सुख.

रात्री आमची मशीन निवांत असतात, कारण रात्री कोण कोणाकडे जातंय? खरा दंगा सकाळी आठ ते दहा. दूध, पेपर, सिलेंडर, गाडी धुणारा, पोळ्यावाली, सगळे एकदम. मशीन पडायचं तर तेव्हाच पडतं.

वर्षभरापूर्वीपर्यंत हे सगळं मी अंधेरीच्या ऑफिसात बसून करायचे. मग एके दिवशी आईला स्वयंपाकघरात चक्कर आली. पडली नाही, पण ओट्याला धरून खाली बसली ती बसलीच, मी संध्याकाळी घरी येईपर्यंत. "माका काय झाला नाय, जरा टेकलंय," असं तिने मला फरशीवर बसूनच सांगितलं. चहाचं भांडं ओट्यावर तसंच होतं. सकाळचं.

दादा बंगळूरला असतो. त्याने त्याच रात्री फोनवर निकाल देऊन टाकला. आईला एकटं ठेवता येणार नाही, मी घेऊन जातो. बोलला ते खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला. आई याआधी एकदा त्याच्याकडे पंधरा दिवस राहून आली होती. मासे फ्रीजरमधले, शेजारीण कानडी, आणि दादा-वहिनी दोघंही दिवसभर ऑफिसात. परत आल्यावर तिने दोन दिवस फक्त बांगडे खाल्ले आणि म्हणाली, "माका परत थय पाठव नको." दादाला मात्र "बरा असा तुझा घर" म्हणाली. आई आहे ती.

मी आमच्या सरांकडे गेले. सर माझ्याच वयाचे, बोलायला रोखठोक. म्हटलं, मला घरून काम करू द्या, कायमचं. ते म्हणाले, "हे बघ यार, सकाळच्या वेळी घरून कोणी मशीन बघितलेली नाहीत आजवर. तीन महिने करून दाखव. एकही अलर्ट सुटता कामा नये. सुटला तर परत अंधेरी." मी दादाला तीन महिन्यांची मुदत मागितली. तो म्हणाला, ठीक आहे, पण जमलं नाही तर मी येऊन घेऊन जाणार. म्हणजे आई मुलुंडला राहणार की बंगळूरला जाणार, हे आता चार-पाच मशीनच्या तब्येतीवर ठरणार होतं.

कंपनीने मला एक वेगळा फोन दिला. मशीन आजारी पडलं की त्यावर आपोआप कॉल यायचा आणि रेकॉर्ड केलेली एक बाई अतिशय शांतपणे सांगायची की अमुक नंबरचा सर्व्हर उत्तर देत नाहीये, आपण याकडे बघत असाल तर एक दाबा. पाच मिनिटांत कोणी एक दाबला नाही तर तोच कॉल घाटकोपरच्या आमच्या एका सहकाऱ्याकडे जायचा, तिथूनही नाही तर थेट सरांकडे. आणि कोणी एक दाबला की सगळे गप्प. कारण एक दाबला म्हणजे कोणीतरी कामाला लागलंय.

पहिले दोन महिने झकास गेले. एवढे झकास की मला संशय यायला हवा होता. सर दर सोमवारी रिपोर्ट बघून म्हणायचे, "कॉल आला रे आला की उचलतेस तू. इकडे ऑफिसात असताना तुला तीनदा हाक मारावी लागायची." मी हसून घ्यायचे. खरं सांगायचं तर काही कॉल मला आठवतच नव्हते. वाटायचं, घाटकोपरवाल्याने घेतले असतील. घाटकोपरवाल्याला वाटायचं, मी घेतले. बहुतेक वेळा मशीन दोन-चार मिनिटांत स्वतःच सावरायचं आणि मी स्क्रीनसमोर येईपर्यंत सगळं हिरवंगार. कौतुक चाललंय ना, मग चालू दे, खोदून कशाला विचारा, असा माझा विचार. हा विचार माझा, आईचा नाही, हे आधीच कबूल करून ठेवते.

मग तो शुक्रवार आला. शुक्रवार माझा केस धुवायचा दिवस. त्या दिवशी केसांबरोबर मी बाथरूमच्या फरशाही घासायला घेतल्या, कारण आईला आता वाकवत नाही आणि मी बाथरूममध्ये असले की मला कोणी काही विचारत नाही. चांगला पाऊण तास गेला असेल. नळ बंद केला तर खालून गेटवरून आवाज.

आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी माहुलची मावशी मासे घेऊन येते. टोपली घेऊन गेटवर उभी राहते, वॉचमन टॅबवर नाव टाकतो, मग ती वर येते. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला टॅब लागत नाही. ती ओरडत होती, "बाय, तुझे पोरीचं मशीन बंद परलंय, मना आत घे!"

डोक्याला टॉवेल गुंडाळून मी लॅपटॉपकडे धावले. सर्व्हर ठार झाला होता. डिस्क भरली होती, जुन्या नोंदींच्या फाइली साफ करणारं काम रात्री कुठेतरी अडकलं होतं. साधा प्रकार. सकाळी आठला मी ते बघायला हवं होतं, त्या दिवशी "आधी केस धुऊन घेते" म्हणून पुढे ढकललं होतं. पाच मिनिटांत जागा करून मशीन उठवलं. मग नोंद उघडली. कॉल आला होता. लगेच कोणीतरी एक दाबला होता. माझ्या फोनवरून.

आई हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती. फोन तिच्या मांडीवर.

"आई, हा फोन तू उचललास?"

"उचललंय."

"आणि?"

"ती बाई सांगता, एक दाबा. मी एक दाबलंय."

"कधीपासून दाबतेस?"

"पयल्यापासून." ती शांत होती. "तू न्हाणीत असलंस की मी फोन घेवन बसतंय. तुका आंघोळीक धड पाच मिनटां गावनत नाय."

मी तिला विचारलं, एक दाबल्यावर काय होतं असं तुला वाटतं? तिने माझ्याकडे असं पाहिलं की बुद्धी माझीच कमी. "काय म्हणजे? गॅसचो नंबर लावताना आपण एक नाय दाबत? एक दाबला की सिलेंडर येता. तसो तुझो माणूस येवन दुरुस्त करता."

मी म्हटलं, "अगं आई, तो माणूस मीच आहे."

ती म्हणाली, "मगे ती बाई तसा सांगत कित्याक नाय?"

आता हे सांगताना मला हसू येतं. पण तेव्हा हसू आलं नाही. तीन महिन्यांतले फक्त दहा दिवस उरले होते, डोक्यातून पाणी टपकत होतं, आणि अलर्ट सुटला होता. पाऊण तास. माझी जीभ सुटली. काय काय बोलले सगळं आठवत नाही, शेवटचं आठवतं. "तुझ्यासाठी मी हे सगळं करतेय आणि तूच वाट लावलीस. त्यापेक्षा जा तू दादाकडे, सुटेन मी."

आईने मांडीवरचा फोन माझ्यापुढे ठेवला. उठली आणि दार उघडलं, कारण मावशी वर आली होती.

मावशीला घरातल्या हवेशी काही देणंघेणं नव्हतं. तिने टोपली टेकवली आणि माझ्यावरच सुरू झाली. आजच नाही, गेल्या बुधवारीही तिला असंच लटकवलं होतं, त्याच्या आधीच्या बुधवारीही. मी म्हटलं, शक्य नाही, बुधवारी सगळं ठीक होतं, माझ्याकडे लिहिलंय. ती म्हणाली, "तुझेकडं लिवलंय, मी उन्हान उभी होते." आणि आईला बांगड्यांचे कल्ले उघडून दाखवायला लागली.

मी तोंड फुगवून लॅपटॉपवर बसले, बुधवारची नोंद काढली आणि कपाळावर हात मारला. मावशी बरोबर होती. आमचं लक्ष ठेवणारं यंत्र दर मिनिटाला विचारायचं ते आमच्या वेबसाइटच्या पहिल्या पानाला, कसं काय, बरं आहे ना? ते पान बिचारं काही कामच करत नाही, नुसतं दिसतं, त्यामुळे ते नेहमी म्हणायचं, उत्तम. आणि त्याच वेळी गेटवरचं पान, जिथे वॉचमन नाव टाकतो, ते दहा-दहा मिनिटं गोल गोल फिरत बसायचं. फोनवरच्या बाईला जे कळायचं ते मावशीच्या कितीतरी नंतर कळायचं. आणि दोन वर्षं आम्ही छाती फुगवून त्यालाच तब्येतीची तपासणी म्हणत होतो.

रागाच्या भरात माणूस काम चांगलं करतो, निदान मी करते. त्याच दुपारी मी नवी तपासणी लिहिली. दर मिनिटाला एक खोटी पाहुणी गेटवर येणार, वॉचमनने टाकावं तसं तिचं नाव पडणार, घरातून आपोआप हो जाणार, आणि हे सगळं किती सेकंदांत झालं ते मला कळणार. पाहुणी यायला कोणाचं तरी घर लागतं. परवानगी न विचारता वापरता येईल असं माझ्याकडे एकच घर होतं, आमचं. ते टाकलं, सगळं सुरळीत चाललेलं पाहिलं आणि समाधानाने झोपले.

शनिवारी दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. हातात छापील कागद, पंचवीस-तीस पानं तरी असतील. चप्पल काढता काढताच म्हणाले, "ताई, तुमच्याकडे कालपासून दर मिनिटाला एक बाई येतेय. गेलेली एकही नाही. वॉचमन घाबरलाय, म्हणतो मी तर कोणाला बघितलंच नाही. घरात काय क्लास काढलाय का?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. चेहऱ्यावरची रेघ न हलवता तिने त्यांना सांगितलं, "हिच्या हापिसातली येतत. चाय पण घेनत नायत." सेक्रेटरींनी आमच्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली, पाणी न पिताच कागद घडी केला आणि सोमवारी लेखी द्या म्हणून निघून गेले. मी हसले. आई हसली नाही. शुक्रवारपासून ती माझ्याशी बोलत होती ते फक्त जेवायला ये, दिवा लाव, एवढंच. मला वाटलं, होईल दोन दिवसांत नीट. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, दोन दिवसांनी आपोआप होतं.

सोमवारी सर व्हिडिओ कॉलवर आले. समोर शुक्रवारची नोंद. "मला एक कळत नाहीये," ते म्हणाले. "कॉल लगेच घेतलास. मग पाऊण तास काय करत होतीस?"

खोटं तयार होतं. आदल्या रात्रीच घोकलं होतं, डिस्क साफ करत होते, फाइली मोठ्या होत्या, वेळ लागला. बाथरूम काही नोंदीत येत नाही. मी सुरुवातही केली, "सर, त्या फाइली..." आणि मागे दारात आई उभी राहिलेली मला स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसली. लग्नाला नेसते ती साडी नेसली होती. मला कळेना, आज कोणाचं लग्न.

ती पुढे आली आणि लॅपटॉपला नमस्कार करून म्हणाली, "फोन मी उचललंय. हिची काय चुकी नाय. ही न्हाणीत होती. माणसान आंघोळ पण करूची नाय काय?"

सरांनी आधी कॅमेऱ्यात वाकून बघितलं. मग विचारलं, "काकू, आजपर्यंत किती कॉल उचलले तुम्ही?"

आईने बोटं मोजायला घेतली, दोन्ही हात संपले तेव्हा थांबली. "सकाळचे सगळे," ती म्हणाली. सर खुर्चीत मागे रेलून इतके हसले की त्यांचा आवाज फाटायला लागला. मी हसले नाही. मी म्हटलं, सर, मी आत्ता खोटं बोलणार होते. आणि मग सगळंच सांगितलं. केस, फरशा, सकाळी पुढे ढकललेली डिस्क, मावशी, बुधवार, पहिलं पान, खोटी पाहुणी, सेक्रेटरी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खोट्या पाहुणीपाशी दोनदा थांबवून विचारलं. शेवटी म्हणाले, "फोनवर नुसता एक दाबून काम भागतं ही चूक माझी. उद्यापासून नंबर टाकावा लागेल, आणि तो काकूंना सांगायचा नाही. त्या पाहुणीला तुमच्या घरातून काढ, आपण तिला खोटं घर देऊ. अलर्ट सुटला, ते मी लिहिणार. पण गेट पडलेलं आपल्याला उशिरा कळतं, हे इथे अंधेरीत बसून दोन वर्षांत एकालाही दिसलं नाही. घरूनच कर तू. महिन्यातून एकदा येऊन तोंड दाखव." वर म्हणाले, काकूंना माझा नमस्कार सांग. सांगायला मागे वळले तर आई तिथे नव्हती.

मी जवळजवळ नाचतच आतल्या खोलीत गेले. "आई, झालं. मिळालं. कायमचं."

आई पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी बॅग उघडी, निम्मी भरलेली. औषधांचा डबा, चष्म्याचं घर, देवघरातला छोटा गणपती रुमालात गुंडाळलेला.

"बरा झाला," ती म्हणाली. "रविवारी दादा येतलो."

शुक्रवारी दुपारी, मी आत रागाने खोटी पाहुणी लिहीत बसले होते तेव्हा, तिने दादाला फोन केला होता. ये आणि ने मला, म्हणून. आज साडी नेसून सरांसमोर आली ती जायच्या आधी माझं काम नीट करून जावं म्हणून.

"अगं, पण तुझ्यासाठीच तर चाललं होतं हे सगळं."

"ता माका ठावक असा." तिने साडीची घडी दाबली. "तू सुटान म्हणालंस. म्हटलं, सुटू दे."

मी पलंगावर बसले. आमच्या घरात पद्धत नाही, तरी म्हटलं. चुकलं माझं. मी रागात बोलले आणि घाणेरडं बोलले. तू नसलीस तर मी या घरात बसून मशीन सांभाळून करू काय? एवढं बोलताना मला रडू फुटलं, बेचाळिसाव्या वर्षी, मोठ्याने, नाक वाहेपर्यंत. आई घड्या घालायची थांबली नाही, पण ज्या घातल्या होत्या त्याच पुन्हा घालायला लागली.

मी तशीच दादाला फोन लावला. येऊ नकोस म्हटलं. तो ऐकेना. तिकीट काढलंय, सुट्टी टाकलीय, आईने स्वतः सांगितलंय, आणि तू रडतेस कशाला, जमत नाही तर जमत नाही, यात लाजायचं काय. मी काही बोलायला गेले की हुंदका यायचा, आणि हुंदका आला की त्याला वाटायचं, त्याचंच बरोबर आहे.

आईने हातातली साडी खाली ठेवली. मग हात पुढे करून माझ्याकडून फोन घेतला, पदराने माझं नाक पुसलं आणि दादाला म्हणाली, "तू येव नको. तिकीट रद्द कर. हिका हय एकटी टाकून मी खय येव?"